तंजावरला अर्धा दिवस पुरत नाही: काय पाहायचं, कोणत्या वाटेनं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रामेश्वर-मदुराईची यात्रा ठरली आहे, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत आणि तंजावरसाठी अर्धा दिवस ठेवला आहे. बृहदीश्वराचं मोठं देऊळ सोडलं तर तिथे पाहण्यासारखं आणखी काय आहे, आणि मराठ्यांचं काही शिल्लक आहे का?

आधी हा अर्धा दिवस बदला. तंजावरला दोन मुक्काम करा, जमलं तर तीन. त्यासाठी यादीतलं एखादं थंड हवेचं ठिकाण गाळावं लागलं तर खुशाल गाळा. मराठी मंडळींचे गट घेऊन मी बरीच वर्षं कावेरीकाठी जातो आहे, आणि बहुतेक सहलींचं वेळापत्रक एकाच साच्यातलं असतं. बस अकराच्या सुमारास देवळापाशी थांबते. तोवर फरसबंदी तापलेली असते आणि गाभारा दुपारी बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते. माणसं पाय उचलत उचलत नंदीपर्यंत जातात, फोटो काढतात आणि बसमध्ये परत येतात. भोसल्यांनी जवळपास एकशे ऐंशी वर्षं जिथे राज्य केलं, त्या गावाला आपली माणसं दोन तास देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तंजावरवर एकामागून एक तीन मोठी घराणी नांदली: चोळ, नायक आणि मराठे. नंतर आलेल्यानं आधीच्याचं मोडलं नाही, त्यात भर घातली. चोळांच्या देवळात नायकांनी नंदी बसवला आणि मराठ्यांनी त्याच देवळाच्या भिंतीवर आपला इतिहास कोरला. नायकांच्या राजवाड्यात मराठे राहिले, आणि नायकांचा ग्रंथसंग्रह त्यांनी कितीतरी पटींनी वाढवला. त्यामुळे ‘मराठ्यांचं तेवढं दाखवा’ असं म्हणून इथे फिरता येत नाही. ज्यांच्या वास्तूंत ते वावरले त्यांना ओळखल्याशिवाय दुसरे सरफोजी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे तंजावरचे भोसले राजे, कळत नाहीत.

आता वाट. रामेश्वरहून मदुराईला परतून तिथून तंजावर, असा फेरा न घेता रामेश्वरहून किनाऱ्याच्या रस्त्यानं थेट उत्तरेला या आणि मदुराई आधी किंवा शेवटी ठेवा. हा रस्ता तोंडी, मिमिसल, मणमेलकुडी या गावांवरून येतो आणि सेतुबावाछत्रमनंतर समुद्राच्या काठी मनोरा लागतो. दुसऱ्या सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला हा षट्कोनी, आठ मजली बुरूज, भोवती छोटा कोट आणि खंदक. नेपोलियनचा पराभव झाला त्याचं स्मारक म्हणून तो उभारला आणि तसा शिलालेख तिथे लावला आहे. लेख अनेक भाषांत आहे, त्यांत मराठीही आहे. युरोपातल्या लढायांची बातमी बंगालच्या उपसागराच्या काठी मराठीत कोरलेली पाहिली, की हा राजा कसल्या जगात वावरत होता ते लगेच लक्षात येतं. राज्याचा कारभार १७९९ च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, राजाच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला होता. इंग्रजांशी स्नेह राखणं ही त्याची गरजही होती. सगळे मजले चढू देतात की नाही, ते त्या त्या वेळी ठरतं. आईवडिलांना खाली झाडाच्या सावलीत बसवा, समुद्राचा वारा छान येतो.

तिथून पट्टुकोट्टैमार्गे तंजावरला निघालात की ओरत्तनाडू लागतं. गावात मुक्ताम्बाळ छत्रम आहे, सरफोजींनी १८०२ च्या सुमारास बांधलेलं. छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी छत्रं जागोजाग बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावं लावून दिली. कारभार कंपनीकडे गेल्यावर ही छत्रं आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला, सविस्तर पत्र लिहिलं. येणाऱ्याची जात न पाहता जेवण मिळतं, आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत ठेवून घेतात, वाटेत बाळंत झालेल्या बाईची काळजी घेतली जाते, असा तपशील त्या पत्रात आहे. एका राजानं सत्ता गेल्यावर सगळ्यात आधी काय वाचवायला धडपड केली, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही रामेश्वरचे यात्रेकरू म्हणूनच या वाटेनं येणार, म्हणून हा थांबा चुकवू नका. वास्तू नीटनेटकी राखलेली नाही, मोठी अपेक्षा ठेवून जाऊ नका. जोत्याला रथाचा आकार आहे, दगडी घोडे आणि हत्ती तो ओढताहेत अशी रचना. बाहेरून नीट पाहिलं तरी पुष्कळ झालं.

संध्याकाळपर्यंत तंजावर गाठाल. त्याच दिवशी दिवेलागणीला मोठ्या देवळात जा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा. हे देऊळ एकदाच पाहायचं नसतं. संध्याकाळी दगड निवलेला असतो, गावातली कुटुंबं अंगणात गप्पा मारत बसलेली असतात, पोरं पळत असतात. सकाळी तुम्हाला शिल्पं आणि लेख बघायला उजेड आणि शांतता दोन्ही मिळतं. अकरा ते चार मात्र तिथे फिरकू नका. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि वयस्कर माणसांचे तळवे अक्षरशः पोळतात. सोबत जाड मोजे ठेवा.

देऊळ पहिल्या राजराज चोळानं बांधलं आणि १०१० मध्ये पुरं केलं. शिखराची उंची दोनशे फुटांहून जास्त, सगळं ग्रॅनाइटचं, आणि या त्रिभुज प्रदेशात ग्रॅनाइट मिळत नाही. सगळा दगड लांबून आणलेला आहे. गाईड तुम्हाला दोन गोष्टी हमखास सांगतील. पहिली, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. दुपारी चारनंतर जा, सावली अंगणात लांबच लांब पसरलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. दुसरी, माथ्यावरचा घुमट ऐंशी टनांच्या एका अखंड दगडाचा आहे. तोही अनेक तुकडे जोडून केलेला आहे. या दंतकथा काढून टाकल्या तरी देऊळ तसूभर लहान होत नाही. आतून पोकळ असलेलं एवढं शिखर चुन्याशिवाय, थरावर थर आत सरकवत नेऊन उभं केलं, आणि ते हजार वर्षं हललं नाही.

आत शिरताना सगळ्यात बाहेरचा दरवाजा मराठ्यांचा आहे, त्यानंतर केरळांतकन् आणि राजराजन् ही चोळांची दोन गोपुरं. राजराजन् गोपुरापाशी थांबा. दोन्ही बाजूंना प्रचंड द्वारपाल आहेत. एकाच्या पायाखाली साप आहे आणि तो साप हत्ती गिळतो आहे. हत्ती तळहाताएवढा दिसतो. हत्ती एवढासा, तो गिळणारा साप केवढा, आणि त्या सापावर पाय देऊन उभा असलेला द्वारपाल केवढा. मग ज्याच्या दारावर तो उभा आहे त्या देवाचं माप तुम्हीच मनाशी काढायचं. मुलं सोबत असतील तर त्यांना आधी साप शोधायला सांगा, हत्ती त्यांना आपोआप सापडतो. याच गोपुराच्या जोत्यावर शिवपार्वतीचं लग्न, मार्कंडेयाची कथा, अर्जुन आणि किरात असे छोटे पट्ट आहेत. येणारे जाणारे बहुतेक त्यांच्याकडे न बघताच आत जातात.

नंदी एकाच दगडाचा, बारा फुटांहून उंच, आणि तो नायकांच्या काळातला आहे. राजराजानं बसवलेला नाही. अंगणातलं सुब्रह्मण्याचं छोटं देऊळसुद्धा नायकांचंच. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम लाकडात केल्यासारखं बारीक आहे. देवीचं देऊळ त्याआधीचं, पांड्यांच्या काळातलं.

आता मुख्य शिखराच्या पायथ्याला या. पूर्ण जोतं अक्षरांनी भरलेलं आहे. तमिळ येत नसलं तरी काय लिहिलं आहे ते माहीत असू द्या. राजराज सांगतो: आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण कुंदवै. मग मूर्ती, दागिने, दिव्यांसाठी दिलेल्या गाईम्हशी, गावांचे वसूल यांची नोंद येते. त्यातच चारशे नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती आधी कोणत्या गावच्या देवळात होती, आणि आता देवळाभोवतीच्या कोणत्या गल्लीत कोणत्या रांगेत तिचं कितवं घर. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात मिळेल एवढा वाटा. पुढे नट्टुवनार म्हणजे नृत्य शिकवणारे, वाजवणारे, हिशेबनीस, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी. हजार वर्षांपूर्वीच्या राजानं नुसतं स्वतःचं नाव न कोरता देवळाचा सगळा आश्रित वर्ग नावानिशी कोरून ठेवला. या देवळाबद्दल गटाला एकच गोष्ट सांगायला वेळ असला तर मी ही सांगतो.

गाभाऱ्याला दुहेरी भिंत आहे आणि दोन भिंतींमधल्या बोळात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यावर नायकांच्या काळात दुसरी चित्रं काढली गेली होती. १९३१ मध्ये वरचा गिलावा सुटला होता तिथून खालची चोळ चित्रं एस. के. गोविंदस्वामी यांच्या नजरेस पडली. पुढे पुरातत्त्व खात्यानं वरचा थर न मोडता वेगळा काढून खालचं चित्र मोकळं करण्याची पद्धत वापरली. एकावर एक आलेले दोन्ही थर वाचले. बोळ सर्वांना खुला नाही, पण आवारातल्या दालनात त्यांच्या प्रतिकृती लावलेल्या आहेत. त्या जरूर बघा. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्याच्या हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत आणि पुढचे दगड तसेच कोरे राहिले आहेत. तिथेही जाऊ देत नाहीत.

आणि आता मराठी माणसानं न चुकता जायची जागा. आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीकडे जा. तिथे १८०३ मध्ये कोरलेला मराठी लेख आहे, भोसले वंशाचं चरित्र. सरफोजींच्या आज्ञेनं बाबूराव चिटणीसांनी तो रचला. दगडावर कोरलेला एवढा लांब मराठी लेख दुसरा नाही, जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. वंशाच्या पुराणकथेपासून सुरुवात होऊन मालोजी, शहाजी, शिवछत्रपती, त्यांचे सावत्र भाऊ आणि तंजावरच्या गादीचे संस्थापक व्यंकोजी असं करत सरफोजींपर्यंत हकीकत येते. अक्षर बाळबोध आहे, वळण जुनं आहे, शब्द एकमेकांना चिकटून येतात. सकाळी उजेड तिरपा असतो तेव्हा अक्षर उठून दिसतं. सुरुवातीपासून वाचायला जाल तर दमाल. आधी ओळखीचं एखादं नाव शोधा, शहाजी किंवा मालोजी, आणि तिथून डावीउजवीकडे सरका. पाचदहा मिनिटांत डोळा रुळतो. एका गटातल्या शिक्षिका बाईंनी असंच एक नाव शोधून पूर्ण ओळ मोठ्यानं वाचली, तेव्हा शेजारून जाणारी तमिळ शाळेची मुलं थबकून ऐकत राहिली होती. हा लेख इतिहास म्हणून जसाच्या तसा मानू नये, राजघराण्यानं स्वतःबद्दल लिहिलेली बखर आहे ती. पण राज्य हातचं निसटत असताना एका राजाला आपली मुळं दगडावर, तेही राजराजाच्या देवळात, आपल्या भाषेत कोरून ठेवावीशी वाटली, हे त्या भिंतीसमोर उभं राहून समजतं.

देवळातून राजवाडा दीडएक किलोमीटर आहे, रिक्षा करा. राजवाडा बाहेरून उतरलेला दिसतो आणि पहिल्या पाच मिनिटांत बरेच जण निराश होतात. धीर धरा. सोळाव्या शतकात नायकांनी सुरू केलेल्या आणि मराठ्यांनी वाढवलेल्या या वाड्यात आता वेगवेगळी दालनं वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत, तिकिटंही वेगळी. कलादालन, दरबार महाल आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय, ही तीन ठिकाणं पक्की धरा. बाकीचं पाय साथ देतील तसं.

कलादालन नायकांच्या दरबारात आहे आणि तिथला ब्राँझ मूर्तींचा संग्रह चोळ कलेसाठी जगात नावाजलेला आहे. गर्दी करून सगळ्या मूर्ती बघू नका. तिरुवेनकाडूच्या देवळातला वृषभवाहन शिव शोधा, १०११ सालचा. पाय एकावर एक टाकून उभा आहे, जटा फेट्यासारख्या गुंडाळल्या आहेत आणि त्यांत साप आहेत. एक हात असा वाकला आहे की तो कशावर तरी टेकला असावा. तो टेकला होता बैलावर, आणि बैल आज नाही. बैल नसतानाही त्याची उंची आणि पाठीचा उतार त्या हातावरून कळतो. आईवडिलांना इथे बसायला जागा मिळते, घाई करू नका. याच दरबारात सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला, डोक्यावर त्रिकोणी पगडी. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचं काम.

हे सरफोजी १७७७ साली जन्मले. दुसऱ्या तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतलं. तुळजाजी वारल्यावर गादी त्यांच्या सावत्र भावाकडे, अमरसिंहाकडे गेली आणि हा मुलगा अडचणीत सापडला. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकानं त्याला सांभाळलं, मद्रासला शिकवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, त्याच वर्षी श्वार्ट्झ वारले. शिवगंगा तलावाशेजारी १७७९ मधलं चर्च आहे, तिथे फ्लॅक्समनचाच एक संगमरवरी पट्ट आहे: अंथरुणाला खिळलेले श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हातात घेतलेले सरफोजी. खाली इंग्रजी कविता कोरली आहे, ती स्वतः राजानं लिहिलेली. चर्च बऱ्याचदा बंद असतं, रखवालदाराला विनंती केली तर बहुधा उघडून देतात. देवळाच्या अगदी जवळ आहे, तरी फार थोडे प्रवासी जातात.

सरस्वती महाल. नायकांचा सरस्वती भांडार मराठ्यांकडे आला, आणि सरफोजी १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा तिथून त्यांनी हजारो हस्तलिखितं विकत आणली. आज संग्रहात पन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत, बहुतेक संस्कृत, मराठी तीन हजारांच्या घरात, शिवाय मोडी कागद. १९१८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. ग्रंथालयाच्या आत अभ्यासकांना प्रवेश मिळतो, तुम्हाला लागूनचं छोटं संग्रहालय बघता येईल. त्यासाठी तासभर काढा. सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोन करून विचारा, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

सरफोजींनी धन्वंतरी महाल चालवला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचा अभ्यास एकत्र चाले. त्यांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत विशेष रस होता. रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं अजून जपलेली आहेत, नेत्रतज्ज्ञ आजही ती कौतुकानं बघतात. त्यांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये त्यात ‘बालबोधमुक्तावलि’ छापलं, इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. मराठीत छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांतलं हे एक. म्हणजे पुण्यात पेशवाई होती तेव्हा तंजावरच्या पोरांना छापील मराठी गोष्टी वाचायला मिळत होत्या. सरफोजींच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक आहे. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. आणि त्यांच्याही आधी शंभरएक वर्षं, तंजावरच्या शहाजी राजांच्या (व्यंकोजींचे पुत्र, शिवरायांचे वडील नव्हेत) दरबारात ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिलं गेलं. विष्णुदास भाव्यांचं सांगलीचं नाटक १८४३ चं, हे लक्षात घेतलं की मराठी रंगभूमीचा नकाशा किती खाली सरकवावा लागतो ते दिसतं.

दरबार महाल म्हणजे मराठ्यांची सदर. रंगवलेले खांब, चुन्यात घडवलेली चित्रं, छतापर्यंत नक्षी. रंग उडालेले आहेत, आवाज घुमतो. इथेच नृत्यसंगीताच्या बैठका झाल्या. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ, ज्यांना तंजावर चतुष्टय म्हणतात, याच दरबारातले. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा भरतनाट्यम्‌चा आजचा क्रम त्यांनी बसवला. जुन्या शब्दम्‌मध्ये राजाला ‘सलाम’ येतो, तो मराठा राजाला केलेला मुजरा असतो. पुढे तंजावरची एक कन्या बडोद्याला सयाजीरावांच्या घरी राणी म्हणून गेली आणि तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकही गेले, म्हणून बडोद्यात भरतनाट्यम्‌ इतक्या लवकर रुजलं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि कंपनीनं गादी खालसा केली. राणी कामाक्षीबाईंनी खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढवला, १८५९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

राजवाड्यातला उंच शस्त्रागाराचा मनोरा लांबून देवळाच्या शिखरासारखा दिसतो, तो बाहेरूनच बघितलात तरी चालेल. खाजगी संग्रहालयं वेळ उरला तर. त्याऐवजी गावाच्या पूर्वेला जुन्या तटावर ठेवलेली राजगोपाल तोफ बघा. नायकांच्या काळातली, सव्वीस फूट लांब, ओतीव नाही; लोखंडाच्या पट्ट्या तापवून, ठोकून, कड्यांनी बांधून घडवलेली. जवळून पाहिलं की कडी मोजता येतात. एवढं लोखंड भट्टीत तापवून एकजीव कसं केलं असेल, यावर धातुशास्त्राच्या लोकांनी संशोधन केलं आहे.

दुसऱ्या दिवशीची दुपार खरेदीला आणि कारागिरांना द्या. तंजावर चित्र घेणार असाल तर आधी एकाच्या घरी बसून बनताना बघा. फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूच्या भुकटीचा थर देऊन घोटतात. मग दागिने, महिरप, सिंहासन यांचा उठाव खडू-डिंकाच्या लगद्यानं काढतात, खडे बसवतात, सोन्याचा वर्ख चढवतात आणि रंग सगळ्यात शेवटी, चेहरा त्याहून शेवटी. पूर्वी फळी फणसाची असे, आता बहुधा प्लायवूडची. किंमत ठरवताना दोन गोष्टी विचारा: वर्ख खऱ्या सोन्याचा आहे का, आणि उठाव हातानं काढला आहे की साच्यातून. खरा वर्ख अनेक वर्षं काळवंडत नाही. स्वस्त चित्र देवघरात धुरासमोर लावलं की काही वर्षांत तोंड काळं करून बसतं. चित्राला भौगोलिक मानांकन आहे, तसंच तंजावर वीणेला आणि मान डोलावणाऱ्या बाहुलीलाही. वीणेचे कारागीर फणसाच्या लाकडात भोपळा आणि दांडी कोरतात. एकाच खोडातून सगळी घडवलेली वीणा सगळ्यात मानाची. चोवीस पडदे मेणात बसवतात आणि टोकाला याळी या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं तोंड. या चोवीस पक्क्या पडद्यांच्या वीणेचं श्रेय रघुनाथ नायकाच्या दरबाराला देतात.

जेवणाचं म्हणाल तर सांबाराच्या गोष्टीवर गावोगाव पैजा लागतात: शहाजींच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, चिंच घातली आणि संभाजींच्या नावावरून पदार्थाला नाव पडलं. गोष्ट गोड आहे, कागदोपत्री आधार नाही. माझा जीव डांगर पच्चडीवर आहे. उडदाचं पीठ दह्यात कालवून फोडणी दिलेलं हे आपलंच डांगर तिथल्या तमिळ घरांत नावासकट मुरलं आहे. तिथल्या मराठी कुटुंबांशी बोलायचा योग आला तर सोडू नका. त्यांना ‘रायर’ म्हणतात, घरात अजून मराठी बोलतात, जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. आपण नीट ऐकलं तर ती सहज कळते. तिच्यात सुधारणा सुचवायच्या भानगडीत पडू नका.

तिसरा दिवस मिळाला तर दोन पर्याय. आईवडिलांची आवड भक्तीची असेल तर सकाळी पुन्नैनल्लूर मारियम्मन, गावापासून जवळ. व्यंकोजी राजांना देवीनं दृष्टांत दिला आणि त्यांनी देऊळ बांधलं अशी कथा आहे. मूर्ती वारुळाच्या मातीची. मोठ्या देवळासकट अठ्ठ्याऐंशी देवळं आजही राजवाडा देवस्थानाच्या व्यवस्थेत आहेत आणि भोसले घराण्याकडे त्याची वंशपरंपरागत विश्वस्तकी आहे. मग तिरुवैयारू, तंजावरपासून तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी. पौष वद्य पंचमीला, बहुधा जानेवारीत, तिथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच नावाजलेल्या रचना, पंचरत्न कृती, गातात. तो दिवस साधला तर राहण्याची सोय फार आधी करावी लागते. इथे मूगडाळीचा अशोका हलवा खा. रामदासी असाल तर हेही ध्यानात असू द्या की सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरला घडवल्या असं परंपरा सांगते. आणि इथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ कथेकरी आजही गातात.

आवड शिल्पाची असेल तर कुंभकोणमकडे जा. वाटेत स्वामीमलैला मेण वितळवून ब्राँझ ओतणारे स्थपती भेटतात, त्यांच्या भट्ट्या बघू देतात. मग दारासुरमचं ऐरावतेश्वर, दुसऱ्या राजराजाचं बाराव्या शतकातलं. आकारानं लहान आणि कोरीवकामात अतिशय बारीक. जोत्याच्या पट्टीवर नायन्मार या शैव संतांच्या गोष्टी बोटभर आकृत्यांत आहेत. त्यापुढे राजेंद्र चोळाचं गंगैकोंडचोळपुरम आहे, तंजावरपासून सत्तर किलोमीटरच्या आसपास. ही दोन्ही देवळं तंजावरच्या देवळासह जागतिक वारसा यादीत आहेत. एका दिवसात दोन्ही करायची तर पहाटे निघावं लागेल. आईवडिलांना झेपणार नसेल तर दारासुरमवर थांबा आणि कुंभकोणमची डिग्री कॉफी पिऊन परता.

मोसम डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस इथे जोर धरतो आणि एप्रिल-मेमध्ये वयस्कर माणसांना घेऊन जाऊच नये. विमानानं यायचं तर तिरुचिरापल्ली सगळ्यात जवळ, साठेक किलोमीटर. राहण्याची जागा देवळापासून चालत जाता येईल अशी घ्या. दोनदा देवळात जायचं, दुपारी खोलीवर येऊन पडायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं, तर ते अंतरच सगळं ठरवतं. मुख्य देवळाच्या मंडपात जायला बऱ्याच उंच पायऱ्या आहेत. आईवडिलांना चढ झेपत नसेल तर बाजूच्या ओवऱ्यांतून नैऋत्येच्या भिंतीपर्यंत सपाटीनं जाता येतं.